नेम आणि तडाखा

शिकारीच्या पुस्तकात रायफलींची चर्चा आली की सामान्य वाचक पाने उलटतो. वस्तुतः लेखकाची पारख तेथेच होते. आफ्रिकेतील हत्तींचा शिकारी बेल याने १९२३ साली ‘वाँडरिंग्ज ऑफ ॲन एलिफंट हंटर’मध्ये पॉइंट २७५ च्या हलक्या रायफलीचा पुरस्कार केला. त्याला कवटीतील मेंदूची नेमकी जागा ठाऊक होती, आणि त्याची पूर्ण धातुवेष्टित गोळी न फुटता सरळ आत जाई. मऊ टोकाची वेगवान गोळी असती तर ती जाड हाडावर वरच्यावरच फुटली असती. नुसता वेग कामाचा नाही.

जॉन टेलरने १९४८ साली ‘आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस’मध्ये गोळीचे वजन, वेग व व्यास यांच्या गुणाकारातून तडाख्याचे माप काढले. हे गणित रुक्ष खरे. पण ते मेंदूला हुकलेल्या गोळीचा विचार करते. बेल स्वतःपुरते लिहितो, टेलर चुकणाऱ्या माणसासाठी. गद्य बेलचे सरस आहे. परंतु जखमी होऊन रानात निसटणाऱ्या जनावराची आठवण टेलरलाच अधिक आहे.