समोरासमोरची दोन घरे

विजय आनंद हे नाव उच्चारताच रसिकांना ‘तिसरी मंझिल’ (१९६६), ‘ज्वेल थीफ’ (१९६७) आणि ‘जॉनी मेरा नाम’ (१९७०) हे चित्रपट आठवतात. रहस्य कोठवर ताणावे आणि कोणत्या क्षणी उघड करावे, हे त्यांच्याइतके नेमके जाणणारे दिग्दर्शक हिंदीत थोडेच झाले. त्याच हातांनी १९६३ साली ‘तेरे घर के सामने’ हा कृष्णधवल चित्रपट घडविला. त्यात खून नाही, चोरी नाही, खलनायकही नाही. सोमेश्वरनगरच्या आमच्या कुटुंबांसमवेत तो अलीकडेच पुन्हा पाहण्याचा योग आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

लाला जगन्नाथ (ओम प्रकाश) आणि सेठ करमचंद (हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय) हे दिल्लीतील दोन धनिक. भूखंडाच्या लिलावात दोघे इरेस पेटतात. पुढे दोघांनाही घर बांधायचे असते आणि दोघांचे काम येते ते एकाच तरुण वास्तुविशारदाकडे. हा राकेश (देव आनंद) लालाजींचा मुलगा आहे, हे करमचंदांना ठाऊक नसते; आणि राकेशचे मन जडते ते करमचंदांच्या मुलीवर, सुलेखावर (नूतन).

आता यातील खुबी पाहा. आल्फ्रेड हिचकॉक यांचे एक प्रसिद्ध प्रतिपादन आहे : टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असावे, टेबलाशी बसलेल्यांना नसावे, उत्कंठा त्यातून निर्माण होते. विजय आनंदांनी येथे तीच युक्ती योजिली आहे. फरक एवढाच की टेबलाखाली बॉम्बऐवजी मुलाचे आडनाव ठेवले आहे! करमचंद लालाजींना शिव्या घालू लागले की राकेशचा चेहरा आम्ही निरखू लागतो. श्वास रोखला जातो, पण सुटतो तो हसण्यात. स्वतः हिचकॉक यांनीही १९५५ साली ‘द ट्रबल विथ हॅरी’ हा विनोदी चित्रपट काढला होता. त्यात मात्र एक प्रेत वारंवार पुरले जाते आणि उकरले जाते. विजय आनंदांना प्रेताचीही गरज भासली नाही.

कुतुबमिनारच्या जिन्यातील गाणे सर्वांच्या स्मरणात आहे. तो अरुंद जिना स्टुडिओत उभारावा लागला होता. १९८१ च्या चेंगराचेंगरीत अनेक शाळकरी मुले दगावल्यानंतर खरा जिना लोकांसाठी बंद झाला, त्यामुळे आजची मुले तो चढत नाहीत. शीर्षकगीतात राकेशला मद्याच्या पेल्यात इवलीशी सुलेखा दिसते आणि बर्फ पडताच ती कुडकुडते. (पेल्याबद्दल आमचे मत वाचकांना ठाऊक आहे, तरीही हे दृश्य निर्मळ आहे, हे मान्य करावेच लागते.) शोभना समर्थांची ही मराठी कन्या त्याच वर्षी ‘बंदिनी’तही दिसली. तेथील मूक वेदना आणि येथील खट्याळ हसू एकाच चेहऱ्यावरचे आहे, यावर विश्वास बसत नाही.

आमची तक्रार शेवटाबद्दल आहे. दोघा वडिलांचा राग फार लवकर वितळतो. नीरा डाव्या कालव्याच्या काठी आम्ही वेगळे पाहिले आहे. हातभर बांधासाठी, पाण्याच्या एका पाळीसाठी सख्खे भाऊ तहसील कचेरीचे उंबरे झिजवतात. घरे समोरासमोर असूनही एकमेकांच्या घरचा चहा पीत नाहीत, आणि मिस्सेत शांतीचा हात देण्याची वेळ आली की नेमके विरुद्ध बाजूस वळतात. लेखक-दिग्दर्शकाने लालाजींना आणखी थोडे कुढू दिले असते, तर त्या मनोमीलनाचे मोल वाढले असते.

असेच दोन गृहस्थ त्या संध्याकाळी आमच्या सभागृहात होते. ओम प्रकाश यांच्या तोऱ्यावर दोघेही खळखळून हसले, तेही अगदी एकाच वेळी. चित्रपट संपल्यावर एकाने पुढचे दार धरले, दुसऱ्याने मागचे.