नाटकमंडळ्यांचा जमाखर्च व आत्मचरित्रांची साक्ष

मराठी संगीत नाटकमंडळ्यांचा म्हणून जो इतिहास आज वाचावयास मिळतो, तो बहुतांशीं नटांच्या आठवणींवर उभारलेला आहे. या साधनांची योग्यता किती, हें येथें थोडक्यांत तपासावयाचें आहे. बखर व अस्सल कागद यांतील भेद कै. राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाला लावून दाखविला. नाटकमंडळ्यांच्या इतिहासाला तो फारसा लावलेला दिसत नाहीं.

गंधर्व नाटक मंडळीचेंच उदाहरण घेऊं. किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनीं १९१३ सालीं ती भागीदारीनें काढिली. १९२० सालीं आलेल्या 'द्रौपदी'च्या देखाव्यांवर अतोनात खर्च झाला आणि १९२१ च्या सुमारास मंडळी कर्जांत रुतल्याचें उघड झालें. त्याच वर्षीं, ८ जुलैस, बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं मुंबईस 'संयुक्त मानापमान' करून त्याचें उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास दिलें. स्वतःचें कर्ज फेडण्यांत मात्र बालगंधर्वांचीं पुढील कित्येक वर्षें गेलीं.

या कर्जाचें कारण विचारतां उत्तर ठरलेलें आहे: मालकाचा भोळेपणा व उधळपट्टी. हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. टेंबे यांचा 'माझा संगीत व्यासंग' १९३९ सालीं व बोडसांची 'माझी भूमिका' १९४० सालीं प्रसिद्ध झाली. गायन व अभिनय यांविषयीं या ग्रंथकारांची साक्ष बहुमोल होय. परंतु द्रव्यव्यवहारांत दोघेहि एके काळचे भागीदार आणि लेखन घटनांनंतर बऱ्याच वर्षांनीं झालेलें. आप्तवाक्य हें प्रमाण खरें. तथापि ज्या व्यवहारांत आप्त स्वतः गुंतला, तेथें त्याचें वाक्य दुसऱ्या प्रमाणानें ताडून पाहणें अवश्य आहे.

तें दुसरें प्रमाण म्हणजे मंडळीची कीर्दखतावणी. रात्रीचें उत्पन्न, नटांचे व साथीदारांचे पगार, थिएटरचें भाडें, रेल्वेचें भाडें, बिऱ्हाडाचा शिधा आणि सावकाराचें व्याज या रकमा शेजारीं शेजारीं मांडल्याविना मंडळी खर्चानें बुडाली कीं व्याजानें, याचा निर्णय होणें अशक्य आहे. मखमली पडदा प्रेक्षकांस दिसतो, व्याज दिसत नाहीं. म्हणून दोष पडद्यास लागतो.

राजाश्रयाचीहि गोष्ट अशीच आहे. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें तें चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानें. १८५१ सालीं आप्पासाहेब वारले, आणि १८५३ सालीं भावे मुंबईस तिकीट लावून खेळ करीत होते. आश्रयदात्याकडून प्रेक्षकाकडे झालेल्या या संक्रमणाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. त्यांतील नफातोटा किती जणांनीं मोजला?

आमच्या संग्राहक मित्रांस एकच विनंति आहे. ताम्रपट व मोडी पत्रें आपण जपतांच. पण जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर नाटकमंडळीची वही, कर्जरोखा किंवा तिकिटांचा हिशेब आढळल्यास तो रद्दींत जाऊं देऊं नये. गाणें गेलें तें गेलें; तें कशाच्या बळावर उभें राहिलें, हें सांगणारा कागद तरी राहावा.