मद्यगृहातले कविसंमेलन

शिकागोच्या ‘ग्रीन मिल’ मद्यगृहात मार्क स्मिथ या, एके काळी बांधकामावर राबलेल्या कवीने १९८६ साली रविवारचे काव्यवाचन सुरू केले. आधी कोणीही उठून कविता म्हणावी. मग कवींची चढाओढ, आणि गुण देणारे परीक्षक श्रोत्यांतलेच! कंटाळा आला की श्रोते चुटक्या वाजवीत, पाय आपटीत. आपल्याकडची ‘वाहवा’ कित्येकदा भिडेखातर असते. तिथे भीड नाही. हे मला आवडते. गुणांची पद्धत मात्र पटत नाही. हळू उलगडणारी कविता तिथे मार खाणारच. विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव एकत्र कविता म्हणत. कोणी कोणाला हरवायचे नसे. मला तो पहिला, मोकळा भागच खरा वाटतो : नवख्याच्या हातातला थरथरता कागद, पेल्यांची किणकिण, आणि कोणाच्याही खात्यावर गुण जमा न करणारी एखादी ओळ.