विरूपण आणि ऋण पुनःप्रदाय : बाळापूरच्या श्रोत्याच्या दृष्टीने एक परीक्षण

निर्वात नलिकांच्या रेडिओ-विवर्धकाविषयी जे विवेचन पाठ्यपुस्तकांतून आढळते, त्यात ऋण पुनःप्रदायाला जवळजवळ रामबाण औषधाचे स्थान मिळालेले आहे. हॅरल्ड ब्लॅक यांना ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी सुचली. त्याच्या अवघे दहा दिवस आधी, २३ जुलै रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. कल्पनेचे सामर्थ्य निर्विवाद आहे. मूळ विवर्धन १०० पट असून प्रदानाचा ०.०९ भाग उलट कलेने आदानाकडे परत नेला, तर विवर्धन १० पटींवर येते आणि तितक्याच प्रदानाला १० टक्के विरूपण सुमारे १ टक्का उरते. परंतु हे विरूपण विवर्धकातच उपजलेले असावे, ही त्यातील अट पुष्कळदा नजरेआड केली जाते.

बाळापूरचेच उदाहरण घ्यावे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील हे गाव नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटरांवर आहे. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. मध्यम लहरींवरील अशा केंद्राचे प्रक्षेपण एवढ्या अंतरावर दिवसा भूपृष्ठालगतच्या तरंगाने पोहोचते. रात्री आयनांबरावरून परतलेला तरंगही त्यात मिसळतो. वाहक लहरीपुरते हे दोन तरंग परस्परांना मारक ठरले की वाहक क्षीण होतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे पट्टे मात्र तुलनेने बलवान राहतात, आणि संसूचकातून निघणारा आवाज चिरकतो. आता विवर्धकाला पुनःप्रदाय कितीही द्यावा. तो त्या चिरक्या आवाजालाच मूळ मानून अत्यंत प्रामाणिकपणे मोठा करील! रात्री बातम्या ऐकणाऱ्या श्रोत्याच्या दृष्टीने १ टक्का आणि ०.१ टक्का यांच्यातील भेदाला मग फारसा अर्थ उरत नाही.

दुसरा आक्षेप मापनपद्धतीवरचा आहे. ‘ई. एल. ८४’ या नलिकेची ५.७ वॉट ही शक्ती निर्माते १० टक्के विरूपण गृहीत धरून देत असत. या १० टक्क्यांत दुसरा संनाद किती आणि सातवा किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कानाला मात्र ते लगेच कळते. दुसरा संनाद म्हणजे मूळ स्वराचे वरचे सप्तक. जवारीदार तंबोऱ्याच्या नादात तो अगोदरच भरपूर असल्याने त्यात थोडी भर पडली तरी खटकत नाही. उच्च संनाद व त्यांच्यासोबत येणारे मिश्रस्वर गाण्याला परके असतात. शॉर्टर यांनी १९५० मध्येच उच्च संनादांना अधिक भार द्यावा असे सुचविले होते. त्यातही मौज अशी की, ज्या नलिकेत केवळ दुसरा संनाद उपजतो, तिला अल्प पुनःप्रदाय दिल्यास पूर्वी नसलेला तिसराही उत्पन्न होतो. दुरुस्तीसाठी परत नेलेला अंश त्याच वक्र नलिकेतून पुन्हा जातो, त्याचे हे फळ होय. बॅक्सँडॉल यांनी १९७८ मध्ये याचे सविस्तर विवेचन केले.

या दृष्टीने विल्यमसन यांची १९४७ ची रचना आदर्श मानावी लागते. पण ज्या कारणाने तिची सामान्यतः स्तुती होते, त्या कारणाने नव्हे. १५ वॉटला ०.१ टक्क्याहून कमी विरूपण, हा आकडा सर्वांच्या मुखी झाला. तिचे खरे मर्म क्रमात आहे. नलिका त्रिप्रस्थ पद्धतीने जोडून, त्यांची जोडी परस्परविरोधी कलेत चालवून आणि प्रदान-रोहित्र अत्यंत काळजीने गुंडाळून विवर्धक आधी शक्य तेवढा सरळ केला. २० डेसिबेलचा पुनःप्रदाय त्यानंतर आला. अनुकरण करणाऱ्यांनी पुनःप्रदाय तेवढा उचलला आणि रोहित्र स्वस्तातले घेतले. परिणामी कित्येक संच विरूपण घटविण्याऐवजी स्वतःच आंदोलित होऊ लागले.

वीज न पोहोचलेल्या खेड्यातील संचाला तर हा मार्ग जवळजवळ बंदच होता. ९० व्होल्टची कोरडी बॅटरी उतरू लागली की शेवटच्या नलिकेची शक्ती घटे, आणि आवाज तेवढाच ठेवू पाहता तरंगांचे माथे छाटले जात. छाटलेला माथा पुनःप्रदायाने परत मिळत नाही. शिवाय पुनःप्रदायात गमावलेले विवर्धन भरून काढण्यास आणखी एक नलिका हवी. रात्रीच्या चिरकण्यावर क्रॉस्बी यांनी १९४५ मध्ये वर्णिलेला उपाय, म्हणजे क्षीण वाहकाला संसूचनापूर्वी बळ देणे, अधिक मुळाशी जाणारा होता; परंतु त्यालाही अधिक नलिका लागत, आणि बॅटरीच्या संचात त्यांना जागा नव्हती.