'डिजिटल नेटिव्ह': मूळ लेख वाचल्यावर

परकीय भाषा शिकणाऱ्या मुलांच्या डिजिटल साक्षरतेवर सिनॉप्सिस लिहायला घेतला की पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास येतं: 'आजची पिढी डिजिटल नेटिव्ह आहे.' माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं, पुढे कंसात 'प्रेन्स्की, २००१'. लेख मात्र मी वाचलेला नव्हता!

वाचला तेव्हा कळलं की मार्क प्रेन्स्की यांचं ते लेखन म्हणजे मत मांडणारा निबंध आहे. पदवीधर होईपर्यंत मुलांचे वाचनात ५,००० तासही जात नाहीत आणि व्हिडिओ गेममध्ये १०,०००पेक्षा जास्त जातात, असे ढोबळ आकडे त्यात आहेत. पण मुलांना नेमकं काय करायला दिलं आणि त्यांना ते जमलं का, याचा पुरावा नाही. शिक्षकांना मुलांच्या बदललेल्या जगाकडे बघायला लावलं, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्यावरून कौशल्य सिद्ध होत नाही, एवढंच.

गंमत म्हणजे त्याची मुख्य उपमाच भाषेची आहे. तंत्रज्ञानात वाढलेली मुलं ती भाषा जन्मापासून बोलणारी. मोठेपणी शिकलेले ते स्थलांतरित. त्यांच्या बोलण्यात जुना हेल उरतो, म्हणजे ई-मेल छापून वाचणं किंवा 'माझा मेल मिळाला का?' विचारायला फोन करणं.

आपण भाषेचे विद्यार्थी, तेव्हा ही उपमा आपणच तपासायला हवी. मराठी मातृभाषा असली तरी बाराखडी कुणाला जन्मतः येत नाही. बोलणं घरात येतं, लिहिणं-वाचणं शिकावं लागतं. म्हणजे उपमा मान्य केली तरी तिच्यातून साक्षरता निघत नाही. बेनेट, मेटन आणि केर्विन यांनी २००८ साली उपलब्ध अभ्यास तपासून दाखवलं, की या पिढीतही वापर आणि कौशल्य सारखं नाही. खुद्द प्रेन्स्की २००९मध्ये 'डिजिटल शहाणपणा'कडे वळले. आपले सिनॉप्सिस अजून २००१मध्येच आहेत.

याचा फटका थेट संशोधन-साधनाला बसतो. 'मी ऑनलाइन साधनं सहज वापरतो', असं विधान देऊन १ ते ५ गुण मागितले की हाती येतो तो आत्मविश्वास. कौशल्य बघायचं तर काम द्या. जर्मन शिकणाऱ्याला 'तुम्ही उद्या येणार का?' याचं भाषांतर यंत्राकडून करून घ्यायला सांगा. हे 'तुम्ही' सरांना असेल तर जर्मनमध्ये 'झी' हवं, दोन मित्रांना असेल तर 'ईअर'. एकट्या वाक्यावरून यंत्राला हे कळणार नाही. वाक्य इंग्रजीतून गेलं तर 'यू'मध्ये 'तू'सुद्धा मिसळून जातो. विद्यार्थी थांबतो का? शब्दकोश उघडतो का? वाक्याला संदर्भ जोडून पुन्हा विचारतो का? हे टिपून ठेवलं तर तो तुमचा विदा.

नाहीतर होतं काय, की हातात फोन आहे म्हणून मुलाला साक्षर ठरवलं जातं, आणि मग त्याला हे शिकवायची गरजच कुणाला वाटत नाही. मी ते वाक्य खोडलंय. तुमच्या मसुद्यात असेल तर आधी मूळ लेख वाचा, मग ठरवा.