मुद्दाम बहिरा ठेवलेला रेडिओ

कोणतेही उपकरण घेताना जाहिरातीआधी त्याचा तांत्रिक तक्ता वाचावा. उपकरणाला काय येते ते जाहिरात सांगते. काय येत नाही ते तक्त्यातच सापडते. युनिडेन कंपनीचा बीसीडी ४३६ एचपी हा हातात मावणारा रेडिओ स्कॅनर २०१४ साली अमेरिकेच्या बाजारात आला. तो कोणत्या वारंवारता ऐकू शकतो याचा तक्ता असा आहे : २५ ते ५१२ मेगाहर्ट्झ, ७५८ ते ८२४, ८४९ ते ८६९, ८९५ ते ९६० आणि १२४० ते १३००.

यातल्या मोठ्या दऱ्या बाजूला ठेवू. ५१२ च्या वरचा पुष्कळसा भाग दूरचित्रवाणीचा आहे. स्कॅनर घेणाऱ्याला तिथे ऐकण्यासारखे फारसे काही नाही. पण ८२४ ते ८४९ आणि ८६९ ते ८९५ ही दोन लहान भोके कशाची? ८२३ मेगाहर्ट्झ ऐकू येते, ८५० ऐकू येते आणि मधले ८३५ मात्र येत नाही. याला भौतिकशास्त्रात काही कारण नाही. हा रेडिओ तिथे मुद्दाम बहिरा ठेवलेला आहे.

या संचाची परीक्षणे बहुधा ग्राहकाच्या बाजूने लिहिलेली असतात : आवाज कसा, बॅटरी किती टिकते, किंमत वाजवी आहे का. आपण शिक्षकाच्या बाजूने पाहू. हे उपकरण वापरणाऱ्याला काय शिकवते आणि त्याच्यापासून काय लपवते?

आधी स्कॅनर म्हणजे काय ते पाहू. घरच्या रेडिओची सुई आपण हाताने फिरवतो आणि गाणे लागले की थांबतो. स्कॅनर हेच काम स्वतः आणि फार भराभर करतो. त्याच्या स्मृतीत आपण वारंवारतांची यादी भरून ठेवायची. तो एकेक जागा तपासतो. शांतता असेल तर पुढे जातो, कोणी बोलत असेल तर थांबतो. किती क्षीण संदेशाला शांतता समजायचे, हे 'स्क्वेल्च'ने ठरवता येते. ही यादी भरणे म्हणजेच स्कॅनरचे प्रोग्रॅमिंग.

त्याच कंपनीचा बीसी १२५ एटी हा साधा संच घेतला तर हे काम स्वतःच करावे लागते. त्यात पाचशे जागा आहेत, पन्नास-पन्नासच्या दहा खणांत. कोरा संच हातात आला की कागद-पेन्सिल घेऊन बसायचे. अमेरिकेतली सरकारी हवामान-वार्ता १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात येते. एकूण रुंदी १५० किलोहर्ट्झ आणि दोन केंद्रांत अंतर २५ किलोहर्ट्झ. मग केंद्रे किती? सहा म्हणणारा विद्यार्थी नेहमीची चूक करतो. सहा अंतरांना सात खांब लागतात आणि केंद्रेही सातच आहेत. पुढे विमानांचा पट्टा येतो, साधारण १०८ ते १३७ मेगाहर्ट्झ. इथे संच एएम पद्धतीवर ठेवावा लागतो. शेजारच्याच पट्ट्यात एफएमवर स्वच्छ गाणी चालू असताना विमानांनी जुनी, खरखरीची पद्धत का ठेवली? एफएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर जोरदार संदेश क्षीण संदेशाला गिळून टाकतो आणि दुसरा कोणी बोलत होता हे कळतही नाही. एएममध्ये दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, शीळ ऐकू येते आणि नियंत्रकाला निदान एवढे समजते की आणखी कोणी तरी हाक मारत आहे.

अशी यादी भरता भरता आकाशाचा जणू सातबारा तयार होतो. हा तुकडा जहाजांचा, हा विमानांचा, हा अग्निशामक दलाचा. इतकी रुंदी, अमुक पद्धत. पाचशेपैकी शंभर जागा भरल्या तरी पुष्कळ शिकून होते.

४३६ एचपीने हे सगळे कष्ट वाचवले आहेत. आपल्या गावाचा पिनकोड, अमेरिकन भाषेत झिपकोड, त्यात भरायचा. आतल्या लहानशा कार्डावर देशभराची यादी तयार असते. संच आसपासच्या यंत्रणा निवडतो आणि ऐकवू लागतो. याला नाक मुरडणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. मोठ्या शहरांत आता 'ट्रंकिंग' पद्धत असते. पूर्वी प्रत्येक विभागाची वारंवारता ठरलेली होती, म्हणजे प्रत्येकाची खिडकी वेगळी. कोणाच्या खिडकीवर गर्दी, तर कोणाची रिकामी. ट्रंकिंगमध्ये रांग एकच आणि खिडक्या अनेक. जी रिकामी असेल ती पुढच्याला मिळते आणि कोणी कुठे जायचे हे एक नियंत्रण-वाहिनी सांगत राहते. त्यामुळे एकाच संभाषणातले लागोपाठचे वाक्य वेगळ्या वारंवारतेवर येऊ शकते. अशी यंत्रणा हाताने भरणे हे खरोखर डोकेदुखीचे काम आहे. कार्डावरची यादीही हौशी श्रोत्यांनी वर्षानुवर्षे कान देऊन जमवलेल्या माहितीवर उभी आहे.

माझी तक्रार सोयीबद्दल नाही. सोय देताना संच आपली कारणे सांगत नाही, ही तक्रार आहे. पडद्यावर खात्याचे नाव येते. ते त्याच वारंवारतेवर का, ही पद्धत का, याचा पत्ता लागत नाही. आणि वर सांगितलेल्या दोन भोकांबाबत तर दोन्ही प्रकारचे संच सारखेच मुके आहेत. साध्या संचाची धाव ५१२ मेगाहर्ट्झपर्यंतच असल्याने तिथे प्रश्नच उठत नाही. महागड्या संचात प्रश्न उठतो, पण तक्ता नुसते आकडे देऊन गप्प बसतो. या आकड्यांमागे मात्र एक मोठी गोष्ट आहे.

अमेरिकेतली पहिली व्यापारी मोबाइल फोनसेवा १९८३ साली शिकागोत सुरू झाली. फोनकडून मनोऱ्याकडे जाणारे बोलणे ८२४ ते ८४९ मेगाहर्ट्झवर आणि मनोऱ्याकडून फोनकडे येणारे ८६९ ते ८९४ वर. बोलणे साध्या एफएमने जात होते, कोणतीही सांकेतिक लिपी न वापरता. ज्याच्याकडे स्कॅनर त्याला ते ऐकू येई. १९८६ मध्ये असे ऐकणे कायद्याने गुन्हा ठरले. तेवढ्याने भागले नाही, म्हणून १९९२ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले आणि एप्रिल १९९४ पासून हे पट्टे ऐकू शकणारे स्कॅनर बनवण्यावर व आयात करण्यावर बंदी आली. ग्राहकाला सहज बदल करून ते ऐकता येतील असे संचही चालणार नव्हते, कारण आधीच्या काही संचांत एक डायोड कापला की बंद पट्टा खुला होत असे.

मला हा उपाय मुळातच चुकीच्या जागी केलेला वाटतो. रेडिओलहर पाकिटात घालून पाठवली जात नाही. ती भिंतीतून, खिडकीतून, ऐकणाऱ्याच्या अंगातूनही जाते. खाजगी मजकूर पोस्टकार्डावर लिहायचा आणि गुप्तता राहावी म्हणून चष्म्यांच्या विक्रीवर बंदी घालायची, अशातला हा प्रकार. गुप्तता हवी तर ती पाठवणाऱ्याच्या टोकाला निर्माण करावी लागते.

भौतिकशास्त्राने या उपायाची फजिती कशी केली, ते वर्गात सांगण्यासारखे आहे. बहुतेक रेडिओ आलेली लहर थेट वाचत नाहीत. आत एक दोलक असतो. त्याच्या आणि बाहेरच्या लहरीच्या मिश्रणातून दोघांच्या वारंवारतांचा फरक काढला जातो आणि त्या ठरावीक फरकावरच पुढचे काम चालते. तो फरक १०.७ मेगाहर्ट्झ आहे असे धरा. आपण संच ८५८.६ वर लावला; दोलक ८६९.३ वर चालू झाला. आता ८८०.० वरच्या लहरीशी दोलकाचा फरक किती? तोही १०.७ च! फरक वरचा की खालचा हे मिश्रकाला कळत नाही. त्यामुळे आधीची गाळणी कच्ची असेल तर ८५८.६ या कायदेशीर जागी बसून ८८० वरचा बंदिस्त फोन ऐकू येतो. याला प्रतिमा-वारंवारता म्हणतात. आरशातल्या प्रतिमेसारखीच ती दोलकाच्या पलीकडे तितक्याच अंतरावर असते. अखेर १९९९ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाला वेगळा नियम करावा लागला की, स्कॅनरने फोनच्या पट्ट्यातले संदेश निदान ३८ डेसिबलने दाबले पाहिजेत. म्हणजे शक्ती सुमारे सहा हजार तीनशे पटींनी कमी.

दरम्यान व्हायचे ते झाले होते. २१ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभापती नूट गिंगरिच आपल्या सहकाऱ्यांशी फोनवर सल्लामसलत करत होते. त्यातले जॉन बोनर फ्लोरिडात मोटारीतून मोबाइलवर बोलत होते. तिथल्या एका जोडप्याने ते स्कॅनरवर ऐकून ध्वनिमुद्रित केले आणि १० जानेवारी १९९७ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये ते संभाषण छापून आले. जोडप्याला प्रत्येकी ५०० डॉलर दंड झाला. नव्या संचांवरच्या बंदीला तेव्हा अडीच वर्षे होऊन गेली होती.

मोबाइलवरचे बोलणे शेवटी सुरक्षित झाले ते पाठवण्याची पद्धत बदलल्यामुळे. फोन अंकीय झाले, बोलणे सांकेतिक रूपात जाऊ लागले. आज ती लहर पकडली तरी साध्या श्रोत्याला नुसती खरखर ऐकू येईल. १८ फेब्रुवारी २००८ पासून तर जुनी सेवा चालू ठेवण्याचे बंधनही अमेरिकी कंपन्यांवर राहिले नाही. पण २०१४ च्या संचात ती दोन भोके जशीच्या तशी आहेत. घर रिकामे झाले, कुलूप मात्र कायम आहे.

आता वारे उलट दिशेने वाहत आहेत. शिकागोच्या पोलिसांनी २०२२ मध्ये आपले संदेश सांकेतिक करून जनतेला ते अर्ध्या तासाने ऐकवण्याचे ठरवले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून सांकेतिक पद्धतीकडे जायला सुरुवात केली. याच न्यूयॉर्कमध्ये १९३८ साली वीजी या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या छायाचित्रकाराला मोटारीत पोलिसांचा रेडिओ बाळगण्याची परवानगी मिळाली होती. पोलिसांचे बोलणे नागरिकांना ऐकू यावे की नाही, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. जखमी माणसाची खाजगी माहिती साऱ्या गावाने ऐकावी असे मलाही वाटत नाही. पण पोलिसांवर कोणाचाच कान नसावा हेही बरे नव्हे. निदान हा वाद योग्य जागी, म्हणजे काय पाठवावे आणि कसे पाठवावे यावर चालला आहे. तो नागरिकांना उघडपणे घालता येतो. उपकरणाच्या पोटात लपवलेल्या भोकाशी वाद घालता येत नाही.

हे वाचून कोणी असा संच मागवू नये. आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने बिनतारी उपकरण परवान्याशिवाय जवळ बाळगण्यावर बंदी घातली आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत परवानगीची तरतूद आहे. ज्यांना खरोखर रस आहे त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा देऊन रीतसर परवाना घ्यावा.

वर्गासाठी मात्र मध्यम लहरींचे, सुईचे दोन जुने ट्रान्झिस्टर पुरेत. त्यांच्यात तो ठरावीक फरक बहुधा ४५५ किलोहर्ट्झचा असतो. एका रेडिओवर १२०० किलोहर्ट्झच्या आसपासचे, फार जोरदार नसलेले एखादे केंद्र लावा. दुसरा त्याला खेटून ठेवा, त्याचा आवाज अगदी कमी करा आणि सुई हळूहळू ७४५ च्या आसपास फिरवा. पहिल्या रेडिओत एक शीळ उठेल, खाली उतरत जाईल आणि पुन्हा वर चढेल. ७४५ अधिक ४५५ म्हणजे १२००. दुसऱ्या रेडिओच्या पोटातला दोलक पहिल्याला ऐकू येतो आहे. केंद्र वेगळ्या जागी असेल तर सुई कुठे न्यायची, हे आधी विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे आणि मगच सुई फिरवावी.