आकिनो द ब्रागांसा : कागदांमागचा गोवेकर

खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना एका मित्राने ‘द आफ्रिकन लिबरेशन रीडर’चे तीन खंड (१९८२) हातात ठेवले. भाजी राहिलीच. संपादक दोघे: गोव्यात १९२४ साली जन्मलेले आकिनो द ब्रागांसा आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल वॉलरस्टीन.

मोझांबिक, अंगोला, दक्षिण आफ्रिका इथल्या चळवळींचे ठराव, भाषणं, मुलाखती त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतात, हे मोठंच काम. तक्रार मांडणीची. ती विषयवार आहे. एकट्या ‘फ्रेलिमो’चा विचार सालवार कसा बदलला ते बघायचं तर तिन्ही खंड उघडून बसावं लागतं. आम्हा इंजिनियर लोकांना सुधारित नकाशा जुन्याच्या शेजारी लागतो!

आणि आकिनो हा माणूस यातून हाती लागत नाही. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींची संयुक्त संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत ते होते. तीत गोव्याचे पक्षही होते. डिसेंबरात गोवा सुटला, तरी हे आफ्रिकेच्या लढ्यातच राहिले. ग्रंथ आला त्याच साली, १७ ऑगस्टला, मापुतोच्या विद्यापीठात टपालातून आलेल्या बाँबने रूथ फर्स्ट गेल्या, आकिनो जखमी झाले. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्या विमानाला अपघात झाला, त्यात तेही गेले.

गोवामुक्तीच्या आपल्याकडच्या भाषणांत हे नाव मी तरी ऐकलेलं नाही. येत्या १९ डिसेंबरच्या बैठकीत पहिला खंड वाचायला घेऊ या. झेरॉक्स मी आणतो.